पुन्हा पुन्हा मरूनही हा खेळ सोडवत का नाही?

अर्धविराम

गेला दीड महिना मी ‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओ गेम खेळत आहे. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या पुलावर हातात काठी घेऊन जो मार्गिट नावाचा बलाढ्य शत्रू उभा असतो, त्याच्या हातून मी काल रात्रीपर्यंत ४१ वेळा मेलो. हा आकडा अंदाजे नाही. शेजारी वही ठेवून मी प्रत्येक मरणाची रेघ ओढत आलो आहे, आणि ज्या माणसाने घरखर्चाचा हिशेब कधी धड ठेवला नाही त्याने हा हिशेब इतक्या निष्ठेने ठेवावा, याचे माझे मलाच आश्चर्य वाटते.

काल पत्नीने मागे उभे राहून यातली तीन-चार मरणे पाहिली आणि अगदी सरळ विचारले, की यात मजा नेमकी कुठे आहे. मला उत्तर देता आले नाही. आजवर इतर खेळांत अवघड जागा आली, की मी मुकाट्याने सेटिंगमध्ये जाऊन काठिण्यपातळी एक पायरी खाली आणत असे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. येथे ती सोय नाही. मेल्यावर जमवलेले सगळे रून्स (या खेळातले चलन) मेल्या जागी पडून राहतात, आणि ते उचलायला जाताना वाटेत पुन्हा मेलो तर कायमचे जातात. असा खेळ मी पहिल्याच आठवड्यात सोडून द्यायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र अंथरुणावर पडलो, की डोळ्यांसमोर ती उगारलेली काठी येते आणि ‘उद्या डावीकडे रोल (कोलांटी) करून पाहू’ असे मनात येते.

तर जाणकारांना प्रश्न असा, की हे आकर्षण कठीणपणाचेच आहे, की कठीणपणाआड दुसरे काही आहे? ‘शेवटी जमले की छान वाटते’ एवढेच उत्तर कृपया देऊ नका. डोक्यावरचा दगड खाली ठेवला तरी छान वाटते. म्हणून कोणी मुद्दाम दगड डोक्यावर घेत नाही.

निशाचर

वाचतो आहे. मार्गिटला माझाही नमस्कार सांगा. २०२२ सालापासून आमची चांगली ओळख आहे.

राखेतला निखारा

मी या घराण्याचे खेळ ‘डेमन्स सोल्स’पासून खेळत आलो आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

‘डेमन्स सोल्स’ फेब्रुवारी २००९ मध्ये जपानमध्ये आला तेव्हा तो आशियाबाहेर आपल्या नावाने प्रकाशित करावा असे सोनीला वाटले नाही. उत्तर अमेरिकेत तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटलस या प्रकाशकाने आणला. त्याच फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा आणि त्याच हिदेताका मियाझाकींच्या दिग्दर्शनाखालचा ‘एल्डन रिंग’ २५ फेब्रुवारी २०२२ रोजी आला आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच्या १ कोटी २० लाखांहून अधिक प्रती गेल्या. एवढ्या सगळ्यांना स्वतःचा छळ करून घेण्याची हौस आहे, हे मला पटत नाही.

माझ्या मते ‘कठीण’ या शब्दानेच आपली दिशाभूल होते. या खेळातला प्रत्येक वार तीन भागांचा असतो: शत्रू शस्त्र उगारतो, ते लागते, आणि मग तो क्षणभर सावरतो. रोल करताना आपल्याला इजा होत नाही असा काळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी असतो. तेवढ्यात वाराचा मधला भाग निघून गेला पाहिजे आणि तिसऱ्या भागात आपला घाव बसला पाहिजे. आपणही याच नियमाने बांधलेले आहोत. एकदा तलवार उचलली की ती मध्येच मागे घेता येत नाही आणि प्रत्येक हालचालीला स्टॅमिना (दम) खर्च होतो. म्हणजे समोरचा कितीही अवाढव्य असला, तरी नियम दोघांनाही लागू असतात आणि ते सगळे डोळ्यांना दिसतात.

आता तुमचा मार्गिट घ्या. तो काठी उगारतो आणि उगारूनच ठेवतो. इतर खेळांनी आपल्याला उगारलेले शस्त्र दिसताच पळायला शिकवलेले असते, त्यामुळे आपण घाईने रोल करतो आणि तो संपताक्षणी काठी बरोबर टाळक्यात बसते. तो तुमच्या जुन्या सवयीला मारतो आहे. तुमची बोटे मंद आहेत असा याचा अर्थ नाही. वहीत नुसत्या रेघा ओढण्याऐवजी प्रत्येक रेघेपुढे कशाने मेलात ते एका शब्दात लिहून पाहा. माझा अंदाज आहे, की दहा दिवसांत तुमचा प्रश्न तुम्हीच सोडवाल.

चष्मिष्ट

निखारा यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु त्यात एक मोठी फट आहे. हा खेळ ज्यांना आवडला नाही ते या धाग्यावर येणारच नाहीत. येथे उत्तरे देणारे सगळे तरलेले लोक आहेत आणि नदी कशी होती हे तरलेल्यांनाच विचारले, तर पाणी गोडच निघणार. विकल्या गेलेल्या प्रतींवरून खेळ किती जणांनी पूर्ण केला हेही कळत नाही.

‘नियम दोघांनाही लागू’ हे तर मी मुळीच मान्य करणार नाही. याच घराण्यातल्या ‘डार्क सोल्स’मधला कॅप्रा डेमन आठवा. दाराच्या आत पाऊल टाकता क्षणी एका अरुंद अंगणात दोन हातांत दोन सुरे घेतलेला राक्षस आणि त्याचे दोन कुत्रे अंगावर येतात, कॅमेरा भिंतीत शिरतो आणि पहिल्या पाच सेकंदांत आपण मेलेलो असतो. त्यातून काय शिकायचे? त्याच खेळाच्या शेवटाकडचा बेड ऑफ केऑस तर लढाई नसून खड्ड्यात पडण्याची कवायत आहे. या दोन्ही ठिकाणी रचना फसलेली आहे, पण भक्तमंडळी ‘तोही अनुभवाचाच भाग आहे’ असे म्हणून मोकळी होतात. दुसऱ्या एखाद्या खेळाने हेच केले असते, तर आपण पैसे परत मागितले असते.

मी स्वतः ‘डार्क सोल्स’ पूर्ण खेळलो आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे ‘तुम्हाला जमले नाही म्हणून बोलता’ हे ऐकावे लागणार नाही.

टवाळ

कॅप्रा डेमनच्या अंगणात उभे राहिल्यावर मला ‘भीक नको, पण कुत्रे आवर’ या म्हणीचा खरा अर्थ समजला.

निशाचर

आणि कॅमेऱ्याला दोष देताना ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ या म्हणीचाही. फक्त या एका ठिकाणी अंगण खरोखरच वाकडे आहे.

नकाशावाली

लढायांबद्दल बरेच लिहून झाले, म्हणून मी वेगळ्या बाजूने लिहिते. बॉसशी, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूशी, लढणे मला फारसे आवडत नाही. मी या खेळांकडे जागेसाठी जाते.

‘डार्क सोल्स’मध्ये फायरलिंक श्राइन या पडक्या देवळापासून आपण निघतो. तिथून वर चढत, प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरून, किल्ल्याच्या तटावरून आणि एका मोठ्या पुलावरून आपण चर्चपर्यंत पोहोचतो. मला त्याला पाच-सहा तास लागले असतील. चर्चमध्ये एक लिफ्ट दिसते, आपण तिच्यावर उभे राहतो, ती खाली जाऊ लागते, खाली जातच राहते, आणि थांबते तेव्हा आपण पुन्हा फायरलिंकला उभे असतो. मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले, की मी कुठेही दूर गेलेली नव्हते आणि हे सगळे जग एकावर एक रचलेले आहे. त्या खेळात पहिल्या अर्ध्या भागात विसाव्याच्या एका शेकोटीवरून दुसऱ्या शेकोटीकडे उडी मारण्याची सोय नाही, सगळीकडे चालतच जावे लागते, म्हणून त्या लिफ्टची किंमत कळते. जर वाटेत मी वीस वेळा मेले नसते, तर तो जिना, तो बोळ, ते आगीचे भांडे फेकणारे तीन हाडकुळे हे सगळे माझ्या लक्षात राहिले असते का? मला तसे वाटत नाही. ज्या खेळांत मी सहज पुढे गेले, त्यांतली एकही गल्ली मला आज आठवत नाही.

गोष्टीचेही तसेच आहे. ती कोणी सांगत नाही. अंगठीच्या किंवा तलवारीच्या वर्णनातल्या दोन-तीन ओळींतून ती जुळवावी लागते. मियाझाकींनी मुलाखतींत सांगितले आहे, की लहानपणी ते आपल्या आवाक्याबाहेरची इंग्रजी पुस्तके वाचत आणि न कळलेल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरून काढत. त्यांचे खेळ खेळताना आपणही तेच करतो. म्हणून चष्मिष्ट यांचे सर्व आक्षेप मला मान्य आहेत, तरीही माझी ओढ कमी होत नाही. मी ज्यासाठी तिथे जाते ते त्यांच्या यादीत नाहीच.

चष्मिष्ट

नकाशावाली, लिफ्टबद्दल तुम्ही लिहिलेले शब्दशः पटले. परंतु याचा अर्थ असा होतो, की कठीणपणा हा तिथे डांबरासारखा आहे. त्यामुळे आठवण चिकटते. मग तेवढ्या कामासाठी तो किती लागतो, हे मोजायला हवे. ‘डार्क सोल्स’च्या ब्लाइटटाउन या भागात फळ्यांवरून पडून विषारी दलदलीत जाणे मलाही आठवते, पण मूळ आवृत्तीत त्या जागी खेळच अडखळत असे, तेही तितकेच आठवते.

राखेतला निखारा

बेड ऑफ केऑसचा बचाव मी करणार नाही, तो करणारा माणूस अजून भेटायचा आहे. कॅप्रा डेमनच्या बाबतीत मात्र एवढे सांगतो, की दारातून आत जाताच डावीकडचा जिना धरून वर गेले, की कुत्रे एकेक करून येतात आणि मग तो राक्षस एकटा उरतो. म्हणजे त्या खोलीचे उत्तर त्या खोलीतच ठेवलेले आहे. ते पाहायला पहिल्या पाच सेकंदांत वेळ मिळत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तिथे खेळाने खेळाडूवर अन्याय केला आहे असेच मीही म्हणेन.

पुढची ठेच

या चर्चेत एक गोष्ट अजून आलेली नाही, ती म्हणजे या खेळांतला एकटेपणा पूर्ण एकटेपणा नसतो.

जमिनीवर दुसऱ्या खेळाडूंच्या रक्ताचे डाग दिसतात. डागाला हात लावला, की तो माणूस शेवटच्या काही क्षणांत काय करत होता हे लाल सावलीच्या रूपात दिसते. कोणी कड्यावरून सरळ चालत गेलेला असतो, कोणी रिकाम्या दिसणाऱ्या कोपऱ्यात अचानक मागे फेकला गेलेला असतो, आणि आपल्याला कळते की त्या कोपऱ्यात काहीतरी दबा धरून बसले आहे. त्याशिवाय तयार शब्दांच्या साच्यांतून लोक संदेश लिहून ठेवतात. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही आपली म्हण कोणी खेळाच्या नियमांत बसवली असेल, तर ती इथेच. माझे नावही त्यावरूनच घेतलेले आहे.

या कल्पनेचा उगम मियाझाकींनी सांगितला आहे. बर्फाच्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागच्या अनोळखी लोकांनी पुढच्या गाड्यांना धक्का देत देत सगळ्यांना वर काढले. वर पोहोचल्यावर थांबून आभार मानावेत, तर गाडी पुन्हा अडकण्याची भीती, त्यामुळे ती माणसे कोण होती हे कधीच कळले नाही. ‘डेमन्स सोल्स’मधले सगळे परस्परसाहाय्य या प्रसंगावरून सुचले. ओळख नाही, आवाज नाही. बॉस पडला की मदतीला आलेला एकदा वाकतो आणि नाहीसा होतो.

आणखी एक बारकावा नव्या खेळाडूंना माहीत नसतो. तुम्ही लिहिलेला संदेश कोणाला उपयोगी वाटला आणि त्याने तशी पसंती दिली, तर त्या क्षणी तुम्ही जिथे असाल तिथे तुमची जीवनपट्टी भरते.

टवाळ

‘पुढे खजिना आहे, उडी मारून पाहा’ असे कड्याच्या टोकावर लिहिणाऱ्यांनाही याच नियमाने आयुष्य मिळते, हे नमूद करावे. मी एकदा उडी मारली, मेलो, परत आलो आणि त्या संदेशाला पसंती दिली. आपण एकट्यानेच का फसावे?

संथ गोगलगाय

मी सहसा प्रतिसाद देत नाही, पण इथे द्यावासा वाटतो. माझ्या उजव्या मनगटाचे जुने दुखणे आहे. काय करायचे आहे हे मला डोळ्यांनी वेळेवर कळते, बोट मात्र कधी कधी उशिरा हलते. अशा माणसाला ‘शत्रू वाचायला शिका’ या सल्ल्याचा अर्धाच उपयोग होतो.

यातून मला जे कळले ते असे, की ‘एल्डन रिंग’मध्ये काठिण्यपातळी आहे, फक्त ती सेटिंगच्या पानावर नाही. ती जगात पसरून ठेवलेली आहे. अडलात तर घोड्यावर बसून दुसरीकडे जा, पातळी वाढवा, दुरून मारणारी जादू घ्या, मोठी ढाल घ्या, आत्म्यांची राख वापरून सोबती बोलवा. सुरुवातीलाच रस्त्यावर सोनेरी चिलखत घालून घोड्यावर बसलेला ट्री सेंटिनल ठेवला आहे, तो मला वाटते एवढेच सांगायला, की समोर दिसले म्हणून लढलेच पाहिजे असे नाही. मी त्याला वळसा घालून गेले आणि वीस तासांनी परत येऊन मारले. याच कंपनीच्या ‘सेकिरो’मध्ये यातले फार थोडे आहे. तिथे समोरच्याची लय पकडल्याशिवाय सुटका नाही, आणि मी तो खेळ अर्ध्यावर सोडला. मला त्याचा राग नाही, पण तो माझ्यासाठी बनवलेला नव्हता हे सोडताना स्पष्ट कळले.

मियाझाकींचे म्हणणे असे आहे, की सगळ्यांनी एकाच पातळीवर खेळल्यामुळे सगळ्यांना एकाच अनुभवाबद्दल बोलता येते. या धाग्याकडे पाहिले तर त्यात तथ्य आहे. मार्गिट म्हटले की सगळ्यांना तीच काठी आठवते. परंतु ‘सेलेस्टे’ या दुसऱ्या एका कठीण खेळाने २०१८ मध्ये साहाय्याची सोय दिली, आणि याच पठडीतल्या ‘लाइज ऑफ पी’ने २०२५ मध्ये काठिण्यपातळ्या आणल्या. त्यामुळे ज्यांनी ते खेळ आधी पूर्ण केले होते त्यांच्या विजयाचे नेमके काय कमी झाले, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

एकांडा शिलेदार

मी प्रयत्न करतो. काठिण्यपातळीचा पर्याय असणे म्हणजे प्रत्येक हरण्यानंतर एक दार उघडे दिसणे. मी दुबळ्या मनाचा माणूस आहे; दार दिसले की मी बाहेर पडतो. ते नाही म्हणून मी ‘सेकिरो’मधला गेनिचिरो हा बॉस संपवू शकलो. यात बढाई नाही, उलट माझ्या स्वभावाची कबुली आहे.

मात्र राखेच्या सोबत्यांनी जिंकलेली लढाई मी जिंकलेली धरत नाही. आपलीच प्रतिकृती बोलावून तिला पुढे करायचे आणि आपण मागे उभे राहायचे, याला लढाई कसे म्हणावे? बाहेरून खरा खेळाडू मदतीला आला तर बॉसची जीवनपट्टी वाढते, राखेच्या सोबत्याने तीही वाढत नाही.

संथ गोगलगाय

शिलेदार, तुमचा पहिला परिच्छेद प्रामाणिक आहे आणि मला तो समजला. दुसऱ्याबद्दल एवढेच म्हणते, की ते सोबती खेळ बनवणाऱ्यांनीच दिले आहेत, त्यांच्यासाठी वेगळी घंटा दिली आहे आणि त्यांना बळकट करण्यासाठी एक स्वतंत्र पात्र बसवून ठेवले आहे. मी चोरून काही आणलेले नाही.

टवाळ

‘एल्डन रिंग’मधल्या मलेनिया या बॉससमोर माझी प्रतिकृती माझ्यापेक्षा चांगली लढली. त्या दिवसापासून घरात कोण मूळ आणि कोण नक्कल, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

निशाचर

मलेनियाचा विषय निघालाच आहे तर विचारतो. तिचा वार लागला की तिचे आयुष्य वाढते, ढालीवर घेतला तरी वाढते. हा कोणता न्याय? निखारा, ‘नियम दोघांनाही लागू’ याचे इथे काय करायचे?

राखेतला निखारा

इथे मी अडचणीत आहे. तिचा तो हवेत उडून तलवारीचे वर्तुळ करणारा वार पहिल्यांदा पाहून कोणी चुकवू शकेल असे मला वाटत नाही. तो शिकायला मला दोन संध्याकाळ लागल्या. ‘एल्डन रिंग’च्या उत्तरार्धात बॉसांचे वार लांबत जातात आणि आपल्या हालचाली मात्र तेवढ्याच राहतात, हा आक्षेप मी मान्य करतो. याच कंपनीच्या ‘ब्लडबोर्न’मध्ये उलट होते. तिथे मार खाल्ल्यावर लगेच उलटा घाव घातला तर गेलेले आयुष्य थोडे परत मिळत असे, म्हणजे ती सोय खेळाडूच्या हातात होती आणि भीतीपोटी मागे सरणाऱ्याला खेळ पुढे ओढत असे. मलेनियाने आपल्याच हातातली ती वस्तू हिसकावून घेतली आहे, असे मला तिच्याशी लढताना वाटले.

लयवेडा

‘सेकिरो’ची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. त्यात स्टॅमिनाची पट्टी नाही आणि पळापळ फारशी नाही. समोरच्याचा वार आपल्या तलवारीवर नेमक्या क्षणी घ्यायचा, तसा घेतला की त्याचा तोल ढळत जातो, आणि तोल पूर्ण गेला की एका घावात काम संपते. म्हणजे त्याचे आयुष्य थोडे थोडे कुरतडण्यापेक्षा त्याच्या वारांना उत्तर देत राहणे महत्त्वाचे असते. मी तबला शिकलो आहे, आणि खोटे वाटेल, पण गेनिचिरोशी लढताना मी शेवटी डोळ्यांपेक्षा कानांवर विसंबलो. तलवारींचा आवाज मोजत गेलो, आणि ज्या क्षणी मोजणे थांबवले त्या क्षणी जमू लागले. गोगलगाय यांना तो जड का गेला असेल हे मला पूर्ण समजते. तिथे उशिराला माफी नाही. पण धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर तिथेच आहे. जी गत बोटांना येत नव्हती ती येऊ लागते, आणि ती येताना आपल्याला आतून जाणवते. पात्राची पातळी वाढल्याचे आकड्यात दिसते, ही वाढ मात्र कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

चष्मिष्ट

हे उत्तर मला आवडले. फक्त रियाजात गुरू समोर असतो आणि चूक झाली की सांगतो. इथे ‘तुम्ही मेलात’ एवढेच लाल अक्षरांत सांगतात.

लयवेडा

आमचे गुरुजीही याहून फारसे जास्त बोलत नसत.

अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. अकरा दिवस गप्प होतो, कारण निखारा यांनी सांगितलेला गृहपाठ करत होतो.

प्रत्येक रेघेपुढे मरणाचे कारण लिहू लागलो. पहिल्या दहा मरणांपुढे ‘काठी’, ‘काठी’, ‘काठी’ असेच होते. पुढे ‘काठी’ कमी झाली आणि दुसरा शब्द येऊ लागला, ‘हाव’. तो सावरत असताना एक घाव घालण्याइतकीच फट असते. मी एक घालत होतो, तो लागला की आनंदाने दुसरा घालायला जात होतो, आणि तिथे मरत होतो. लढाई संपत आली की तर हमखास. त्याचे आयुष्य बोटभर उरले की माझी बुद्धी तेवढीही उरत नसे. एका आठवड्याच्या २६ मरणांपैकी १५ ‘हाव’ या सदरात आहेत. मी स्वतःला सावध स्वभावाचा माणूस समजत आलो आहे, त्यामुळे हा तक्ता पाहून थोडा वेळ काहीच सुचले नाही.

मग गोगलगाय यांचे ऐकून दक्षिणेकडच्या वीपिंग पेनिन्शुलात गेलो, तिथे भटकलो, व्हिगर (आयुष्याची पट्टी लांबवणारा गुण) वाढवला, तलवार थोडी घडवून घेतली आणि अंगावरचे चिलखत हलके केले. वजन क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या वर गेले की रोल जड होतो, आणि मी इतके दिवस पोत्यासारखा लोळत होतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

परवा रात्री मार्गिट पडला. लढाईतला शेवटचा दीड मिनिट मला नीट आठवत नाही. लयवेडा म्हणतात तसे मोजणे थांबले होते. आरडाओरडा करीन असे वाटले होते, पण केला नाही. कंट्रोलर खाली ठेवला आणि त्या रिकाम्या पुलावर उगाच इकडेतिकडे चाललो. खरे सांगायचे तर थोडे चुकल्यासारखे वाटले. दीड महिना रोज भेटणारा माणूस निघून गेला होता, आणि मला त्याची प्रत्येक सवय तोंडपाठ होती.

पत्नीने विचारले, ‘झाले?’ मी हो म्हणालो. तिने वही उघडून ‘हाव’चा रकाना वाचला आणि म्हणाली, की हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच सांगता आले असते.

टवाळ

वहिनींना साष्टांग नमस्कार. हा धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद आहे.

निशाचर

अभिनंदन! आता सांगायला हरकत नाही, की पॅचेस नावाचा एक लबाड दुकानदार ५००० रून्सना मार्गिटची बेडी विकतो आणि ती पहिल्या टप्प्यात त्याला काही क्षण जखडून ठेवते. शिवाय धुक्याच्या दाराबाहेर रॉजियर या पात्राची सोनेरी खूणही होती. त्याला सोबतीला बोलावता आले असते.

अर्धविराम

काखेत कळसा आणि गावाला वळसा! हे आधी का सांगितले नाही, असे विचारणार होतो, पण आधी सांगितले असते तर बरे वाटले असते का, याचा विचार करत बसलो आहे. शिलेदारांच्या त्या उघड्या दाराचा मुद्दा मला आत्ता समजला, आणि गंमत अशी की गोगलगाय यांचाही तितकाच पटतो. दार होतेच, मी ते पाहिले नव्हते इतकेच.

चष्मिष्ट

तुमची वही वाचल्यावर मी माझे मत अर्धे बदलतो. उरलेले अर्धे बेड ऑफ केऑससाठी राखून ठेवतो.

नकाशावाली

अर्धविराम, पुढच्या किल्ल्यात मुख्य दाराने जाऊ नका. दाराशी जो माणूस बसला आहे तो बाजूच्या वाटेबद्दल सांगेल, त्याचे ऐका. गोड्रिक या त्या किल्ल्यातल्या बॉसपर्यंत पोहोचण्याची घाई करू नका, छपरांवरून हिंडा.

अर्धविराम

छपरांवरून दोन दिवस हिंडलो, नकाशावाली, आणि तुमचे म्हणणे पटले. एकदा खाली वाकून पाहिले तर ज्या अंगणात पहिल्या दिवशी मेलो होतो तेच दिसले.

पुढची ठेच यांनी लिहिलेले मनात होते, म्हणून काल मार्गिटच्या दाराशी मदतीची सोनेरी खूण टाकली. तीन जणांनी बोलावले. पहिले दोघे काठी उगारलेली पाहताच रोल करून मेले. मला त्यांना ओरडून सांगायचे होते, की थांबा, अजून थांबा, पण तिथे बोलण्याची सोय नाही. तिसरा थांबला, आणि आम्ही जिंकलो. परत आल्यावर दाराबाहेर, उपलब्ध शब्दांतून जेवढे जमले तेवढे, धीर धरण्याबद्दलचा एक संदेश लिहून ठेवला.

आज गोड्रिकशी लढताना माझे आयुष्य एका वाराइतकेच उरले होते, आयुष्य भरून देणाऱ्या कुप्या संपल्या होत्या, आणि अचानक जीवनपट्टी काठोकाठ भरली. पुलावर कोणालातरी तो संदेश उपयोगी वाटला होता. मी इतका हरखलो, की एका घावाऐवजी दोन घालायला गेलो.

वहीत रेघ ओढली आहे. पुढचा शब्द पत्नीने लिहिला.